गुडघ्याची वाटी आणि विहिणीचं नाव

आधी तो चहाचा कप खाली ठेवा बघू. मागच्या वेळी हे ऐकताना एकीनं नव्या साडीवर सांडला आणि खापर माझ्यावर फोडलं. आणि खुशाल हसा, मला काही वाटत नाही. माझी फजिती मीच सांगितलेली बरी. आमचे हे सांगायला लागले की तीत मीठमसाला जरा जास्तच पडतो.

तर मी शाळेतली कवायतीची बाई. नोकरीभर साताऱ्यातल्या पोरापोरींवर "पाठ ताठ! गुडघा वर!" म्हणून ओरडले. निवृत्त झाले, आणि माझाच गुडघा ऐकेना!

उजवा. चढताना काही नाही हं, सगळी रड उतरताना. वाटीच्या कडेकडेनं असं दुखायचं, की आत बसून कुणी चिमटे घेतंय. खुर्चीतून उठले की आधी गुडघा 'कट्' म्हणायचा, मग मी 'आई गं' म्हणायचे. आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांना त्या आवाजाची इतकी सवय झाली, की 'कट्' ऐकलं की पेपर खाली ठेवून चहाची वाट बघत बसायचे.

तुम्ही म्हणाल, बाई, दुखतंय तर डॉक्टरकडे जा. अहो, पण साताऱ्यात कुणाकडे जाऊ? कुठल्याही दवाखान्यात पाऊल टाका, निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलेली. एकदा गेले होते धीर करून. तिथला कंपाउंडर हात जोडून उभा राहिला. "बाई, तुम्ही? तुम्ही तर आम्हाला मैदानभर बेडूकउड्या मारायला लावायचात!" मी त्याची खुशाली विचारली, लेकरंबाळं विचारली आणि घरी आले. गुडघ्याचं नावही काढलं नाही.

पण लाज हे निम्मंच कारण. खरं कारण होतं सांगलीला. माधवनगरात!

माझी एकुलती एक लेक पल्लवी, तिथं निकमांच्या घरात दिलेली. तिला पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरीच, यात विचारायचं काय? पण आमच्या विहीणबाईंना विचारावंसं वाटायला लागलं होतं.

विहीणबाईंचं नाव विजयमाला. बाई मनानं चांगली, उगीच खोटं कशाला बोलू? पण दर फोनला एकच पालुपद. "आवं विहीणबाई, साताऱ्याला कशाला पोरीला हलवायची? हितं मिरज हाकंवर हाय. दवाखान्याला दवाखाना लागून. बाळंतपण आमीच करतो की. तुमचं बी आता वय झालं."

माझं वय! स्वतः माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या!

आणि मी तरी गप्प बसावं ना? साखरपुड्याच्या दिवशीच मी थाप मारून ठेवली होती, की मी रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येते. त्या थापेवर मी तीन वर्षं ताठ मानेनं जगले. आता माझा गुडघा गेलाय हे तिकडे कळलं असतं, तर बाळंतपण गेलंच म्हणून समजा.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? तर ऐका. पल्लवी झाली तेव्हा तिला न्हाऊ माखू माझी आई घालायची. पाटावर बसायची, पाय लांब करायची, त्यांवर बाळ पालथं घालायची आणि तेल चोळायची. मी म्हटलं, "आई, आज मी घालू?" तर म्हणाली, "तुला काय कळतंय? आजी झालीस की घाल." तेव्हापासून मी त्या पाटावर डोळा ठेवून होते. ते बाळ माझ्या पायांवर यायचं होतं, माझ्या घरात. आणि पायच असा फितूर झालेला!

अशात एक दिवस पल्लवी फोनवर सहज बोलून गेली. "आई, माझ्या मैत्रिणीच्या आईचा गुडघा असाच वाटीपाशी दुखायचा. मिरजेत एक कायरोप्रॅक्टर आहेत, हातानंच सांधे मोकळे करतात, त्यांच्याकडे बराच फरक पडला म्हणे."

"मग मला कशाला सांगतेस?" मी म्हटलं. "माझं काय दुखतंय?" आणि पत्ता मात्र दोनदा विचारून घेतला. शेजारणीसाठी.

झालं! साताऱ्याहून रेल्वेनं निघाले. सांगली स्टेशन आलं तेव्हा डोक्यावरून पदर घेऊन खिडकीकडे पाठ करून बसले. समोरचा माणूस त्याच्या बायकोला म्हणाला, "मावशीला गाडी लागलेली दिसती, पिशवी दे." मिरजेत उतरले, तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि दवाखाना गाठला. दिवाणखान्याएवढी खोली, खच्चून माणसं, आणि काउंटरवर कविता नावाची मुलगी. आवाज असा, की माझ्या शाळेत असती तर संचलनाला शिट्टी लागली नसती.

"नाव काय, काकी?"

मागं वळून बघितलं. सगळा सांगलीकडचा गोतावळा. यातलं कुणी माधवनगरचं निघालं तर? माझं नाव तिकडे पोचायला चहाचा एक कप पुरे. काहीतरी दुसरं नाव सांगावं म्हणून तोंड उघडलं. आता दुनियेत नावं काय कमी आहेत? कमल होतं, विमल होतं. पण रात्रंदिवस जी डोक्यात बसली होती तीच बाहेर पडली.

"विजयमाला निकम."

"गाव?"

"माधवनगर."

घ्या! लपायला गेले आणि विहिणीच्याच घरात जाऊन लपले.

डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी मोबाईलवर त्यांच्यातले व्हिडिओ बघून गेले होते ना! मान धरतात, कडाकड मोडतात. पण इथं सगळं निराळंच. आधी चालून दाखवा म्हणाल्या. मग चपला बघितल्या. मग पावलं, मग खुबा, मग कंबर.

शेवटी न राहवून मी म्हटलं, "डॉक्टर, गुडघा मधे राहिला."

त्या हसल्या. "दुखतो तिथं, पण कारण वर-खाली असू शकतं ना? मांडीचे आणि खुब्याचे स्नायू ढिले पडलेत, म्हणून वाटी आपल्या खाचेतून नीट सरकत नाही. आता एका पायावर उभ्या राहा बघू."

मी उभी राहिले आणि सरळ त्यांच्या टेबलावरच्या पेनस्टँडवर जाऊन पडले. "सवय नसते हो या वयात," त्या म्हणाल्या. आणि मी कवायतीची बाई आहे हे सांगायचीही सोय नाही! कारण विजयमाला निकमांनी जन्मात कवायत केलेली नाही.

मग कुशीवर झोपवून त्यांनी कमरेपाशी असा काही झटका दिला, की 'कट्' झालं आणि मी किंचाळले. दुखलं फारसं नव्हतं, पण आवाज विहिणीच्या नावावर जाणार होता, म्हणून जरा मोकळेपणानं किंचाळले. मग वाटी बोटांनी हलकी हलकी हलवली, पट्टी लावली, व्यायाम दाखवले. "जादू नाही हं ही," डॉक्टर म्हणाल्या. "दर आठवड्याला या, आणि घरी व्यायाम केलात तरच फरक पडेल."

बाहेर आले तर कविता गप्पांना तयार. "काकी, किती वो आरडलासा! लय घाई दिसती बरं व्हायची?"

"बाळ यायचंय गं घरात," मी बोलून गेले. "त्याला अंघोळ घालायचीय पायांवर."

"अगोबाई! लेकीचं?"

"हो" अगदी ओठांवर आलं. पण विजयमाला निकमांना लेक कुठंय? एकच मुलगा! "सुनेचं," मी म्हटलं.

"पयलंच न्हवं? मग ते तर माहेरी असतंय की वो! तिची आई न्हाई का?"

आता आली का पंचाईत! "आहे. साताऱ्याला असते."

"मग तिनं करायचं की!"

आणि इथं, बघा, माझी जीभ घसरली. "ती? काही उपयोगाची नाही गं ती बाई."

कवितानं खुर्चीच पुढे ओढली. "काय सांगताय!"

मग काय करते? सांगितलं! "कवायतीची बाई ती. बाळालासुद्धा सावधान-विश्राम करायला लावेल. आणि तोरा केवढा! स्वयंपाक म्हणशील तर आमटीत डाळ एकीकडे, पाणी एकीकडे."

"अरारारा! सांभाळा वो सुनेला!"

पुढच्या आठवड्यात गेले तर नाव विचारायच्या आधीच, "काय म्हणतीया साताऱ्याची विहीण?" आता तिला नाराज कसं करायचं? मग मी आणखी थोडं सांगितलं. ती नवऱ्याला बोलू देत नाही. स्वतःची चूक कधी कबूल करत नाही. मुलीला फोन करते ते विचारायला नाही, सूचना द्यायला. दर आठवड्याला मी गाडीत बसून आज स्वतःबद्दल काय वाईट सांगायचं याची तयारी करायचे. आणि खरं सांगू? कधीच काही रचावं लागलं नाही. सगळं आपोआप आठवत गेलं!

इकडे गुडघा मात्र सुधारत होता. पहाटे उठून दार लावून व्यायाम. भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं, पाय सरळ ठेवून उचलायचा. आमचे हे बाहेरून विचारायचे, "काय चाललंय आत? कसली ट्रेनिंग?" दीडेक महिन्यात मी कठडा न धरता जिना उतरले. 'कट्' बंद झालं. ह्यांचा चहा बंद पडायची वेळ आली.

आणि मग तो दिवस उगवला. पल्लवीचं डोहाळजेवण चार दिवसांवर आलं होतं. त्यानंतर तिला साताऱ्याला आणायची, की विहीणबाई तिथंच ठेवून घेणार, हे त्याच दिवशी ठरणार होतं. म्हटलं, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावं, म्हणजे तिथं सगळ्यांदेखत खाली बसून ऐटीत ओटी भरता येईल.

मी मागच्या रांगेत बसलेली. तोंडाला स्कार्फ. कवितानं हाक दिली, "विजयमाला निकम!"

मी उठले. कशी? अगदी ऐटीत, आवाज न करता.

पण आवाज आला! पुढच्या रांगेत, खांबाच्या पलीकडून. 'कट्.' आणि पाठोपाठ, "आई गं!"

खांबाआडून एक बाई डावा गुडघा धरून उठली आणि वळली. तिच्याही तोंडाला स्कार्फ. पण विहिणीचे डोळे विहिणीला ओळखू येणार नाहीत होय?

"विहीणबाई, तुमी? हितं?"

"मी... सहज. मिरजेला आले होते."

"सहज आलाय तर उठलाय कशाला? नाव तर माझं पुकारलंय!"

तेवढ्यात कविता ओरडली, "विजयमाला निकम कोण?"

"मी," विहीणबाई म्हणाल्या.

"आवं मावशी, खोटं कशाला बोलताय?" कवितानं माझ्याकडे बोट केलं. "विजयमाला काकी ह्या. कवापास्नं येत्यात. आज फोनवर ह्या नावानं नंबर लागला तवाच मी म्हटलं, आमच्या काकीच. तुमी कोण?"

"मी कोण?" विहीणबाईंनी स्कार्फ ओढून काढला. "माधवनगरात जाऊन इचार मी कोण!"

कविताचा चेहरा उजळला. देवाशप्पथ सांगते, मला त्या क्षणी जमीन दुभंगायला हवी होती, गुडघ्यासकट.

"काकी, या तुमाला विहीणबाई म्हणाल्या न्हवं? मग याच का त्या साताऱ्याच्या?"

मी डोळ्यांनी खुणा केल्या. भुवया उडवल्या. मान हलवली. पण कविताला खुणा कळतात कुठं?

"त्या तोऱ्यातल्या? आमटीत डाळ एकीकडं न् पाणी एकीकडं? काय उपेगाची न्हाई म्हणालासा, त्याच न्हवं?"

सगळा दवाखाना माना वळवून बघायला लागला. कंबरेला पट्टा बांधलेले एक आजोबा तर बाकासकट वळले.

विहीणबाईंचा चेहरा लाललाल. "म्हंजे? माझं नाव घेऊन, माझ्याच मिरजेत बसून, मलाच नावं ठेवताय? आमटीला? माझ्या आमटीला? बघते आता डोहाळजेवण झाल्यावर पोर साताऱ्याला कशी जाती ती!"

गुडघा बरा झाला आणि बाळच हातचं गेलं! मी स्कार्फ काढला. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"विहीणबाई, ऐका. नाव तुमचं घेतलं, पण नावं ठेवली ती मला. तुम्हाला एक अक्षर बोलले नाही. ती तोऱ्यातली बाई मीच. लाजेपोटी तुमचं नाव सांगितलं, आणि मग तुमची विहीण म्हणून माझीच बदनामी करत बसले."

त्यांना ते पचायला जरा वेळ लागला. "म्हंजे आमटी?"

"माझीच."

"त्वारा?"

"माझाच."

"आणि त्यो अजिंक्यतारा? रोजचा?"

"पायथ्याला एक चहाची टपरी आहे," मी मान खाली घालून म्हटलं. "तिथपर्यंत."

विहीणबाईंनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "आमटीचं मला ठावं व्हतं. लगीन झाल्यावर पयल्यांदा जेवलो तवाच. मग खोटं काय बोलला वो तुमी?" आणि अशा हसत सुटल्या, की खांब धरून खाली बसायची वेळ आली. बसता येईना, तेव्हा मीच धरून बसवलं.

मग त्याही बोलल्या. डावा गुडघा, तशीच वाटी, तसंच जिना उतरताना. "तुमाला कळलं असतं तर तुमी म्हणला असता, हिचंच गुडघं गेलंत, ही काय बाळंतपण करणार? म्हणून घरात सुदिक बोलले न्हाई. पत्ता तेवढा घेतला. शेजारणीसाठी म्हणून."

"कुणाकडून?"

"पल्लवीकडनं."

मी तिथल्या तिथं पिशवीतून मोबाईल काढला. फोन लावला. पलीकडून पल्लवी म्हणाली, "भेटलात एकदाच्या? आई, तू आलीस की कठडा सोडत नाहीस, आणि इकडे मम्मी पायरीवर आडवं पाऊल टाकत उतरतात. पोट माझं वाढलंय, डोळे काही गेले नाहीत."

तिथंच, त्या बाकावर, तह झाला. बाळंतपण साताऱ्याला. पण बारशापर्यंत विहीणबाई आमच्याकडे मुक्कामाला. डॉक्टरांनी दोघींना आत घेतलं. जाताना बजावून सांगितलं, "जमिनीवर बसलात तर उठताना कुणाचा तरी हात धरा. जवळ माणूस असू दे."

यथावकाश नात झाली. गोरीपान, आणि आवाज थेट कविताचा!

पहिली अंघोळ. आता कुणी घालायची? दोघींच्या मनात तेच, दोघींच्या तोंडून "तुम्हीच घाला." शेवटी मी म्हटलं, "विहीणबाई, माझा डावा पाय धड, तुमचा उजवा. दोघींत मिळून एक जोडी होते की!" न्हाणीघरात पाटाला पाट लावला. त्या माझ्या डाव्या हाताला बसल्या. त्यांचा उजवा, माझा डावा, आणि त्या दोन पायांवर नात पालथी. मी तेल लावलं, त्यांनी पाणी घातलं. आईची फार आठवण आली हो. हात आपोआप तसेच फिरत होते. डोळे पुसले, तर विहीणबाई म्हणाल्या, "साबण गेला व्हय डोळ्यात?" मी म्हटलं, "हो."

नात धुपवलेल्या पंच्यात गुंडाळून पल्लवीनं उचलून नेली, पाळण्यात घातली. ती झोपलीसुद्धा.

आम्ही तिथंच.

जवळ माणूस असू द्या म्हणाल्या होत्या डॉक्टर. पण विहिणीसमोर हात मागायचा? मी म्हटलं, "उठा ना विहीणबाई, आधी तुम्ही. मानाच्या पाहुण्या तुम्ही."

"छे छे, घर तुमचं. आधी तुमी."

"असं कसं? मुलाची आई तुम्ही. मान तुमचा."

"आवं लेक तुमची, नात तुमच्या घरात. आधी तुमी उठा."

पाणी वाहून गेलं, न्हाणीघर वाळत आलं, तरी आमचा मानपान संपेना. शेवटी आमचे हे दारात येऊन उभे राहिले. "काय चाललंय? तासभर झाला, चहा न्हाई, काय न्हाई."

"काही नाही," मी म्हटलं, "बोलत बसलोय."

ह्यांच्या मागून पल्लवी डोकावली. आमच्याकडे बघितलं. सगळं ओळखलं त्या पोरीनं. हात पुढे केला आणि, मी घरी नक्कल करून दाखवायचे त्या, कविताच्याच आवाजात ओरडली, "विजयमाला निकम कोण? हात वर करा, आधी त्यांना उठवणार!"

आणि काय सांगू, खऱ्या विजयमालाबाईंचा पदर सावरून होईपर्यंत माझा हात वर गेलासुद्धा!